खडीखाली गेलेला बाण

डेट्रॉइटला माझं विमान नऊ तास उशिरा उतरलं. नऊ! न्यूयॉर्कला वादळ होतं म्हणून आम्हाला तिथेच अडकवून ठेवलं होतं. तेवढ्या वेळात मी दोनदा चुकीच्या गेटवर जाऊन बसले, आईने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या शेजारच्या एका अमेरिकन आजोबांबरोबर संपवल्या ("व्हेरी अँग्री बिस्किट" म्हणाले ते, आणि चार खाल्ल्या), आणि मग बाथरूममध्ये जाऊन जरा रडूनही घेतलं. शनिवारी सकाळी दहाला पोचायची ती संध्याकाळी सातला बाहेर आले. बघते तर उषामावशी, श्रीधरकाका आणि माझी मावसबहीण मीनू तिघंही तिथेच उभी. सकाळपासून!

"अगं अनघा, केवढी वाळलीस!" मावशी.

"हाय," मीनू. पंधरा वर्षांची आहे, कानात वॉकमन. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

काकांनी माझी बॅग उचलली. त्यांची गाडी म्हणजे स्टेशन वॅगन (मागची सीट पाडली की आत दोन सायकली आडव्या मावतील एवढी लांब मोटार). मागे बॅग ठेवायला जागा करताना त्यांनी एक खोकं बाजूला सरकवलं. आत पिवळ्या रंगाचे फवाऱ्याचे डबे होते, आणि आइस्क्रीमच्या मोठ्या डब्याचं एक झाकण, मधून बाणासारखं कापलेलं.

"हे काय, काका?"

"बाण," काका म्हणाले. "आज काढायचे होते. बघू आता."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी खिडकीतून बघण्यात गुंग! शहर संपलं आणि काय सांगू, रस्ते असे की कुणीतरी पट्टी ठेवून आखलेत. दोन्ही बाजूंना वीतभर वाढलेला मका, मध्येच लाल रंगाची लाकडी कोठारं, आणि माणूस एकही नाही. तासाभरात हार्लो आलं. मावशी-काका राहतात ते गाव. एक पोस्ट, एक लायब्ररी, दोन चर्च आणि काका इंजिनीअर आहेत तो मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना. घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि बाहेर लख्ख ऊन! मी अंगणात नाचले अक्षरशः. रात्रीच्या साडेआठला ऊन!

काका किल्ली हातात घेऊन तसेच गाडीपाशी उभे होते. मावशी दारातून म्हणाली, "अहो, आता कुठे निघालात? पोरगी दमलीये. एक दिवस नाही गेलं तर काय बिघडतं?"

काका आत आले. आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. मी झोपले ती दुसऱ्या दिवशी दहापर्यंत.

रविवारी माझ्यासाठी खास जेवण होतं. मावशीचं श्रीखंड सावर क्रीमचं (इथे दुकानात मिळणारं आंबट सायीसारखं दही; त्यामुळे चक्का बांधायची भानगडच नाही). शेजारच्या गावातून डॉक्टर गोखलेकाका आले होते. ते या भागातले सगळ्यात जुने मराठी, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यावर सल्ला देतात. मी पुण्याची म्हटल्यावर सायकलीचा विषय निघालाच.

"आमचा श्रीधर म्हणजे सायकलवेडा," गोखलेकाका म्हणाले. "आपण इंडियातून गाड्या चालवायला आलो, आणि हा इथे येऊन पायडल मारतो!"

मग काकांनी मला बाणांचं सांगितलं. गावात एक सायकल क्लब आहे. दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस मैलांची राइड. सगळे एकत्र जात नाहीत, ज्याच्या त्याच्या वेगाने जातात. मग रस्ता कळणार कसा? तर प्रत्येक वळणाच्या आधी, वळणावर आणि वळल्यानंतर रस्त्याच्या उजव्या कडेला एकेक छोटा पिवळा बाण रंगवलेला असतो. नकाशा लागत नाही. खाली बघायचं आणि जायचं. आणि गेली सहा वर्षं हे बाण काढायचं काम काकांकडे! काका गाडी हळूहळू चालवणार, मावशी शेजारच्या सीटवरून दार उघडून खाली वाकणार, झाकण रस्त्यावर टेकवणार, फुस्स!

"अर्धं मिशिगन वाकून रंगवलंय मी," मावशी म्हणाली. "कंबर बघ माझी."

आम्ही हसतच होतो तेवढ्यात फोन वाजला. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन, त्याची वायर एवढी लांब की मावशी बोलता बोलता पुऱ्याही तळते. काकांनी घेतला. क्लबमधल्या बार्बराचा होता. "येस, बार्बरा," म्हणाले, आणि मग नुसतं ऐकत राहिले. वायर त्यांच्या बोटांभोवती गुंडाळलेली मला अजून दिसते.

फोन ठेवून ते इंग्रजीत म्हणाले, "टॉम हॅले इज डेड."

मीनूच्या हातातली वाटी खाली पडली. टॉम हॅले तिच्या शाळेतले बँडचे सर. तिला क्लॅरिनेट (तोंडाने वाजवायचं लांब काळं वाद्य) त्यांनीच शिकवलं. वय पस्तिशीच्या आत. क्लबमध्ये महिन्यापूर्वीच आले होते, त्यांची ही दुसरी राइड. नवीन असल्यामुळे मागे पडले होते, एकटे.

झालं असं. मिल रोड नावाचा सरळ रस्ता आहे. जुन्या चर्चपाशी क्लबची राइड उजवीकडे एका शांत गल्लीत वळते. न वळता सरळ गेलं तर उतार लागतो, आणि उताराच्या तळाशी ट्रक धावतात तो हायवे. जुन्यांना ते वळण पाठ, ते खाली न बघताच वळले; टॉम वळलेच नाहीत. सरळ उतारावर गेले, ब्रेक दाबले असणार, पण रस्त्यावर सुटी खडी होती, सायकल घसरली ती थेट ट्रकपुढे. ट्रकवाल्याला थांबायला वेळच मिळाला नाही.

"पण वळले का नाहीत?" गोखलेकाकांनी विचारलं. "बाण होता ना?"

काकांनी ताट बाजूला सारलं. ते उठून गराजमध्ये गेले.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी गराजमध्ये मीनूची सायकल बघायला गेले तर काका ते झाकण हातात घेऊन स्टुलावर बसलेले.

"गुरुवारी कामावरून येताना त्या रस्त्याने आलो," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. "रस्तेखात्याने नवीन थर दिला होता. आधी डांबर फवारतात, वर बारीक खडी पसरतात. चर्चपासचे तिन्ही बाण गेले होते खडीखाली. मी बघितलं. म्हटलं, शनिवारी काढू."

शनिवारी. म्हणजे माझं विमान नऊ तास उशिरा आलं तो दिवस.

"माझ्यामुळे..."

"वेडी आहेस का? विमानाला उशीर तू केलास?" काका म्हणाले. मग हातातलं झाकण उलटं करत, "उजेड होता गं. साडेनऊपर्यंत उजेड होता."

मी आपली मीनूच्या सायकलीत हवा भरत बसले. भरलेलीच होती.

बुधवारी संध्याकाळी लायब्ररीच्या तळघरात क्लबची मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे पॉटलक (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचं). मला आधी धक्काच बसला, माणूस गेलाय आणि हे लोक मॅकरोनीची भांडी घेऊन येतात? पण बघितलं तर कुणी बोलू शकत नव्हतं, आणि हातात ताटली असली की निदान उभं राहता येत होतं. मावशीचा मसालेभात पहिला संपला. शेतकरी होते, एक दातांचे डॉक्टर होते, सत्तरीच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या, ज्या एकाच लांब सायकलवर पुढेमागे बसून चालवतात. थोरली पुढे. "शी नेव्हर लेट्स मी स्टीअर," धाकटी मला म्हणाली. साठ वर्षांपासूनची तक्रार असावी.

बार्बरा क्लबची अध्यक्ष. शाळेत ग्रंथपाल होती, आता रिटायर्ड. पांढरी वेणी आणि पोटऱ्या पैलवानासारख्या. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की या वर्षी राइड बंद ठेवूया. (हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.)

"रविवारची राइड होणार," बार्बरा म्हणाली. "त्याच रस्त्याने होणार. आणि मंगळवारी आपण सगळे रस्तेखात्याच्या सुनावणीला जाणार. यापुढे खडी टाकायच्या आधी त्यांनी आपल्याला कळवलंच पाहिजे. आणि त्या उतारावर धोक्याची पाटी लागलीच पाहिजे. पाटी मिळेपर्यंत मी उठणार नाही. माझं आता दुसरं काम काय आहे?"

लोक हसले, थोडेसे, आणि खुर्च्या पुढे ओढल्या. कोण पत्र लिहिणार, कोण फोटो काढणार, सगळं भराभर ठरायला लागलं. मला तर वाटलं आत्ताच उठून कुठेतरी धडक मारावी!

तेवढ्यात मागून एक बाई उभी राहिली. करड्या रंगाचा पोस्टाचा शर्ट, तशीच कामावरून आलेली. लिंडा. टॉमची बायको.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "बाण झाकले गेलेत हे इथे कुणाला माहीत होतं का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. नाही. नाही. मी काकांकडे बघितलं. काका आपल्या ताटलीकडे बघत होते.

"थँक यू," लिंडा म्हणाली आणि खाली बसली.

शुक्रवारी बार्बराने मला मिल रोड दाखवायला नेलं. तिला पुण्याचं भारी कौतुक, गावभर सायकली म्हणजे काय ते तिला ऐकायचंच होतं. मी मीनूच्या दहा गिअरच्या सायकलवर. पुण्यात आठवीपासून सायकल चालवतेय, त्यामुळे मी फुल कॉन्फिडन्समध्ये! पहिल्याच चौकात डावीकडे वळले आणि थेट डाव्या बाजूने चालवायला लागले. आपल्याकडे चालवतात तशी. समोरून भलीमोठी पिकअप गाडी.

"राइट! राइट, हनी! युअर अदर राइट!" बार्बरा किंचाळली. मी मक्यात गेले. शब्दशः मक्यात. ढोपर फुटलं, आणि पिकअपमधले आजोबा उतरून मला सफरचंद देऊन गेले.

"एका आठवड्यात दुसऱ्यांदा मी तसला फोन करणार नाही," बार्बरा म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. तिने मला पुढे घातलं आणि माझ्या मागे मागे येत "राइट, राइट" म्हणत राहिली. चर्चपर्यंत.

तिथे रस्ता नवाकोरा काळा. कडेला खडीचे ढीग सरकलेले. बाणाचा मागमूस नाही. उताराच्या तोंडाशी कुणीतरी फुलांची बरणी ठेवली होती. इतकं सुंदर होतं सगळं, पलीकडे गव्हाचं शेत, वर चंडोलासारखे पक्षी, आणि खाली उतारावर काही बघावंसंच वाटेना.

"आम्हाला फक्त माहीत असायला हवं होतं," बार्बरा म्हणाली. "श्रीला कळलं असतं तर तो रात्री टॉर्च घेऊन आला असता. ओळखते मी त्याला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी जिभेवर. मी सफरचंदाचा मोठा घास घेतला.

घरी आले तर गोखलेकाका बसलेले. मावशीने त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"हे बघ श्रीधर, हा इंडिया नाही," ते म्हणत होते. "इथे सॉरी म्हटलं की वकील दारात. घर जाईल. मीनूच्या कॉलेजचं काय? आणि तुझ्या क्लबचं म्हणणंच हे आहे ना, की कुणाला माहीत नव्हतं? मग तू बोललास तर त्यांचीही केस गेली. गप्प बसण्यात सगळ्यांचं भलं आहे."

"मीच थांबवलं हो त्यांना," मावशी म्हणाली. "बोलायचं तर मी बोलते. पण घर..." आणि ती रडायला लागली.

मीनू जिन्यात उभी होती. वॉकमन गळ्यात. "ही आस्क्ड मी," ती म्हणाली. "मिस्टर हॅले. त्यांनी मला विचारलं, नकाशा लागतो का. आय सेड, यू कान्ट गेट लॉस्ट. माय डॅड पेंट्स द ॲरोज."

तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. गोखलेकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

शनिवारी काका-मावशी पहाटे निघाले आणि चर्चपासचे तिन्ही बाण काढून आले. रविवारी राइड झाली. बार्बराने सांगितलं होतं की कुणी बोलायचं नाही आणि कुणी पुढे पळायचं नाही. चाळीसएक सायकली, सावकाश, एकामागे एक. फक्त साखळ्यांचा आवाज. मका आता माझ्या गुडघ्याला लागत होता. शेतातले लोक ट्रॅक्टर थांबवून टोपी काढून उभे राहत होते. चर्चपाशी थांबलो तेव्हा मीनूने दप्तरातून क्लॅरिनेट काढलं. तिला फक्त शाळेच्या बँडचं मार्च (संचलनाची धून) येतं, तेच वाजवलं. दोनदा चुकली आणि तेवढा भाग परत पहिल्यापासून वाजवला. सर तसंच करायला लावायचे म्हणे. त्या दोन म्हाताऱ्या बहिणी जागच्या जागी पाय आपटत होत्या, लेफ्ट, राइट. लिंडा रस्त्यापलीकडे आपल्या गाडीला टेकून उभी होती. काका सगळ्यात मागे होते.

मग आला मंगळवार. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे, गावच्या हॉलमधली उघडी बैठक, कुणीही यावं आणि बोलावं. पुढे टेबलामागे रस्तेखात्याचे पाच जण, मधल्या अध्यक्षांच्या नाकावर चष्मा. हॉल खचाखच! क्लबचे सगळे आपापल्या सायकलिंगच्या टोप्या घालून आलेले.

बार्बराने कागद न बघता बोलायला सुरुवात केली. अध्यक्षांनी मध्येच थांबवलं. "मॅडम, सरकारी रस्त्यावर रंग मारायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?"

"कुणीच नाही," बार्बरा म्हणाली. "म्हणून तर फुकट मारतो."

हशा पिकला. मग ती गंभीर झाली. "तुम्ही कळवलं असतं, तर ते बाण त्याच दिवशी परत काढले गेले असते. आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं."

काका उठले. मावशीने त्यांची बाही धरली, आणि मग, मी स्वतः बघितलं, सोडली.

"मला माहीत होतं," काका म्हणाले. मराठी वळणाच्या त्यांच्या इंग्रजीवरून एरवी मीनू चिडवायची, पण त्या दिवशी हॉलमध्ये एक एक शब्द ऐकू येत होता. "बाण काढायचं काम माझं आहे. गुरुवारी मी तो रस्ता बघितला. शनिवारी काढायचे ठरवले आणि काढले नाहीत. घरी पाहुणी आली होती, पण वेळ होता. उजेडही होता. मागच्या बुधवारी मिसेस हॅलेंनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही. ते आज बोलतोय."

बार्बरा उघड्या तोंडाने त्यांच्याकडे बघत राहिली, मार बसल्यासारखी.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या माणसाला माहीत होतं. मग आम्ही कळवायचा प्रश्न येतो कुठे?"

झालं, मला वाटलं. संपलं. गोखलेकाका म्हणाले तेच.

"येतो," मागून आवाज आला. लिंडा उभी होती. "त्यांना माहीत होतं, कारण ते त्या दिवशी योगायोगाने तिथून गेले. दुसऱ्या रस्त्याने घरी गेले असते तर कुणालाच कळलं नसतं. तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही ठरवलं होतं. तारीख तुमच्या कॅलेंडरवर होती. मी पोस्टात काम करते. एक पोस्टकार्ड टाकायला किती वेळ लागतो, मला विचारा."

ती बसली नाही. उभीच राहिली. मग बार्बराही उभी राहिली, मग त्या दोघी बहिणी, मग खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज हॉलभर. कुणी ओरडलं नाही, नुसते उभे राहिले. मीही. पाचही जण एकमेकांच्या कानाशी बोलले, बराच वेळ. शेवटी ठरलं की खडी टाकायच्या आठवडाभर आधी क्लबला पोस्टकार्ड येईल. पाटीचा विचार पुढच्या बैठकीत.

"आणि बाण?" बार्बराने विचारलं.

"बाणांबद्दल मी काही ऐकलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले.

बाहेर पार्किंगमध्ये काकांनी गाडीतून ते खोकं काढलं. बार्बरापुढे धरलं. "हे दुसऱ्या कुणालातरी द्या. मी हे काम सोडतो."

बार्बराने हात पुढे केला नाही. लिंडा गाड्यांमधून चालत आमच्याकडे आली.

"मी बुधवारी विचारलं होतं," ती काकांना म्हणाली. "यू लुक्ड ॲट युअर प्लेट."

"हो."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नाही," काका म्हणाले.

"आणि तुम्ही हे काम सोडायचं नाही. सोडलंत तर तुम्हाला जरा बरं वाटेल. मला नकोय तुम्हाला बरं वाटायला." तिने ते खोकं घेतलं आणि काकांच्या गाडीत परत ठेवलं. "दर आठवड्याला तो सगळा रस्ता बघायचा. स्वतः. आणि मला सांगायचं."

"दर आठवड्याला," काका म्हणाले.

मावशीला काहीतरी बोलायचं होतं. ती पुढे झाली, पण लिंडा तोवर निघून गेली होती. बार्बरा मात्र थांबली. म्हणाली, "श्री, मी अजून तुझ्यावर भयंकर चिडलेय. रविवारी सातला निघायचंय. उशीर करू नकोस."

त्यानंतर मी अजून पाच आठवडे होते. नायगारा बघितला, शिकागो बघितलं, पिझ्झा इतका खाल्ला की मावशी म्हणाली आता तुझ्या आईला काय तोंड दाखवू. पुढच्या बैठकीला आम्ही सगळे परत गेलो, पाटी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या बैठकीलाही नाही. बार्बरा प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत, विणकाम घेऊन. खटला झाला नाही. होणार नाही असंही कुणी सांगितलं नाही, आणि टपालाची गाडी दिसली की मावशी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. पण काका म्हणतात, येऊ दे.

पुण्याला परत आले तर सगळ्यांना फोटो पाहिजेत. मी नायगाराचे दाखवते. धबधबा छानच आहे, प्रश्नच नाही. पण मैत्रिणी विचारतात, अमेरिका कशी आहे गं, तेव्हा माझ्या तोंडून आधी ती माणसंच बाहेर पडतात. आपल्याकडे माणूस गेला की आपण रडतो, दैवाला बोल लावतो आणि भेटायला जातो. हेही करावंच. पण खुर्च्या पुढे ओढून "मंगळवारी कोण कोण येतंय?" असं विचारणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. आणि एका माणसाला, गप्प राहिला तर सगळं वाचत असताना, उभं राहताना बघितलं. तो माझा काका आहे, हे मी जरा जास्तच जोरात सांगते.

मागच्या आठवड्यात मावशीचं पत्र आलं. पाटी लागली, डिसेंबरात, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी. बार्बराचा स्वेटर तोवर विणून झाला होता. लिंडा घरी कधी येत नाही. पोस्टात दिसली तर मावशीला स्टँप देते, एवढंच. पण दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो. "पाहिलात?" काका म्हणतात, "पाहिला." ती ठेवते.

एका शुक्रवारी काका तापाने फणफणले होते, मावशी लिहिते. बाहेर बर्फ. अशात कोण चालवतंय सायकल? मावशी म्हणाली, तुम्ही पडून राहा, फोन आला की मी सांगते पाहिला म्हणून. काकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं, कोट चढवला आणि फावडं घेऊन गाडी काढली. चर्चपासचा बर्फ बाजूला करून तिन्ही बाण बघितले. परत आले तेव्हा फोन वाजतच होता, आणि त्यांनी बूट न काढता तो उचलला.